तापमान आणि विद्युतक्षेत्र : उदाहरण सोडवण्यापूर्वी

(ओमानमधील वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आरोग्यावर बोलावयास सांगितले होते. मधुमेह आणि रक्तदाब यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे, आणि ऐकून जेवणाच्या रांगेत काय करतो तेही मी पाहिले आहे. म्हणून या वेळी मी भौतिकशास्त्राच्या अभ्यासावर बोलण्याची परवानगी मागून घेतली. तिला कारणही तसेच आहे. तपासणीच्या खोलीत स्वतःची तक्रार सांगून झाली की आपल्यापैकी अनेक पालक उठता उठता मुलाचा विषय काढतात. मुलगी हुशार आहे, पाठांतर चोख आहे, पण फिजिक्सची उदाहरणे सुटत नाहीत. आम्ही स्वतः दहावीच्या पुढे गेलो नाही, तेव्हा आम्ही काय सांगणार? हे शेवटचे वाक्य मला खटकते. भौतिकशास्त्राच्या ज्या दोन प्रकरणांत मुले हमखास अडखळतात, ती अकरावीतील उष्णतेची आणि बारावीच्या आरंभीची विद्युतप्रभार व विद्युतक्षेत्र यांची. या दोन्ही प्रकरणांत दहावीच्या पुढे न गेलेल्या आईवडिलांना सांगण्यासारखे बरेच काही आहे, हेच मला आज मांडावयाचे आहे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील मुले विज्ञानात मागे का पडतात याचा शोध घेतला. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतील आशय जसाच्या तसा ठेवून त्यांनी केवळ भाषा सोपी केली, आणि तेवढ्यानेही मुलांच्या प्रगतीत फरक पडला. पुस्तक मराठी होते, मुलेही मराठी होती; पण पुस्तकातली मराठी मुलांच्या घरात बोलली जात नव्हती. पुढे १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत याच केंद्राने महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसाठी एक उपक्रम चालवला. शाळेबाहेर नियमित मार्गदर्शन, प्रश्न विचारण्याची मोकळीक आणि प्रत्यक्ष प्रयोग मिळाल्यावर ही मुले शालान्त परीक्षेत आपल्या बरोबरीच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली. अडथळा बुद्धीचा आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांना हे उत्तर होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले, तेही कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे होते, याचीही आठवण ठेवावी.

आपल्या मुलांपुढे भाषेची हीच अडचण वेगळ्या रूपात उभी आहे. उदाहरण इंग्रजीत असते, घर मराठीत असते, वडिलांचे वर्कशॉप हिंदीत किंवा मल्याळीमिश्रित अरबीत असते. वडील दिवसभर ए.सी.चा कॉम्प्रेसर उघडतात, मुलगा रात्री उष्णतेचे सूत्र पाठ करतो, आणि दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत हे दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, सूत्राला हात लावण्यापूर्वी मुलाने उदाहरण घरच्या मराठीत सांगावे. काय आहे, कुठे आहे, काय घडते आहे, काय विचारले आहे. सांगता आले नाही तर उदाहरण कळलेले नाही. मग सूत्र कितीही बिनचूक असो.

घरच्या मराठीत सांगू लागलो की एक अडचण मात्र लगेच पुढे येते. ताप, उष्णता आणि तापमान हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. आंबा खाल्ल्याने अंगात ‘उष्णता’ झाली म्हणतो, मुलाला ‘ताप’ आहे म्हणतो. विज्ञानात तापमान म्हणजे वस्तू किती तापली आहे याची पातळी, आणि उष्णता म्हणजे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा. विहिरीत पाणी किती उंचीवर आहे आणि किती घागरी पाणी आहे हे जसे दोन वेगळे प्रश्न, तसेच हे. चहाच्या कपातील पाणी बादलीतील पाण्यापेक्षा गरम असू शकते, तरी अंघोळीला बादलीच लागते.

आता अंशांचा प्रश्न घेऊ. आपल्या घरांत अजूनही फॅरनहाइटचा थर्मामीटर आढळतो आणि दवाखान्यात सेल्सियसचा. निरोगी माणसाचे ९८.६ अंश फॅरनहाइट म्हणजे ३७ अंश सेल्सियस. ३२ वजा करा, पाचाने गुणा, नवाने भागा. हे सर्वांना येते. मग विचारा : रुग्णाचे तापमान २ अंश फॅरनहाइटने वाढले, तर सेल्सियसमध्ये किती वाढले? वर्गातील निम्मी मुले त्याच रुळावरून जातात, दोनातून बत्तीस वजा करतात आणि उणे १६.७ असे उत्तर लिहितात. ताप वाढला असताना रुग्ण जवळजवळ सतरा अंशांनी थंड झाला! अशा रुग्णाला डॉक्टरची गरज उरणार नाही. येथे तापमान विचारलेले नसून तापमानातील फरक विचारला आहे. फरकाला बत्तीसशी कर्तव्य नाही, दोनाला पाचाने गुणून नवाने भागले की १.१ अंश. केल्व्हिनचेही असेच. फरक केल्व्हिनमध्ये मोजा वा सेल्सियसमध्ये, आकडा तोच राहतो. परंतु ‘दुप्पट तापमान’ असे शब्द आले की केल्व्हिनशिवाय गत्यंतर नाही. वीस अंश सेल्सियसचे चाळीस झाले तर तापमान दुप्पट झाले नाही, २९३ केल्व्हिनचे ३१३ झाले, म्हणजे सुमारे सात टक्क्यांनी वाढले.

मिश्रणाचे उदाहरण तर आपल्या मोरीतच आहे. उन्हाळ्यात येथे गच्चीवरच्या टाकीतले पाणी ‘थंड’ नळातूनही चटका देणारे येते. मग आपण गीझरचे बटण बंद ठेवतो, आणि घराच्या आत असलेला गीझर थंड पाण्याचा साठा होतो. भारतातून नव्याने आलेल्या सुनेला ही उलटी रीत समजावून सांगावी लागते! समजा, टाकीचे पाणी ५० अंशांवर आहे, बंद गीझरमधले २६ अंशांवर, आणि आपल्याला ३५ अंशांचे २० लिटर पाणी हवे आहे. कोणते किती घ्यावे? मुलाने आधी तोंडी सांगावे : गरम पाणी पन्नासवरून पस्तिसावर येईल, म्हणजे प्रत्येक लिटर पंधरा अंशांची उष्णता देईल, थंड पाणी सव्वीसवरून पस्तिसावर चढेल, म्हणजे प्रत्येक लिटर नऊ अंशांची घेईल. दिलेली आणि घेतलेली सारखी. दोन्हीकडे पाणीच असल्याने विशिष्ट उष्णता दोन्ही बाजूंनी गळून पडते. गरम पाणी साडेसात लिटर आणि थंड साडेबारा लिटर. पडताळा घ्या : गरम कमी लागले, कारण ते पस्तिसापासून अधिक दूर होते. हे शेवटचे वाक्य ज्या मुलाला सुचले, त्याला या धड्याची चिंता नाही. आणि चाळीस अंशांचे दोन तांबे एकत्र केले तर ऐंशी अंश होत नाहीत, हेही येथेच मनावर ठसवावे. उष्णतेची बेरीज होते, तापमानाची होत नाही.

यापुढचे उदाहरण पुस्तकात नाही. ते मी डॉक्टर या नात्याने देतो, आणि ते थोडे सावकाश ऐकावे, अशी विनंती आहे.

एक कामगार आहे, वजन ७० किलो. मानवी देहाची विशिष्ट उष्णता दर किलोला, दर अंशाला सुमारे साडेतीन किलोजूल; म्हणजे त्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास २४५ किलोजूल लागतात. जड काम करताना त्याच्या शरीरात दर सेकंदाला ४०० जूल उष्णता तयार होते असे धरू. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर ३७ अंशांवरून ४१ अंशांवर जाण्यास किती वेळ लागेल? चार अंशांना ९८० किलोजूल. त्याला ४०० वॅटने भागले की २४५० सेकंद. एक्केचाळीस मिनिटे. ४० अंशांच्या पलीकडे गेलेले शरीर आणि भ्रमिष्टासारखे बोलणे, यालाच आम्ही उष्माघात म्हणतो. इतक्या साध्या भागाकाराच्या शेवटी एक जीव उभा आहे.

मग आपण रोज जगतो कसे? घामामुळे. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला की सुमारे २४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. तासाला एक लिटर उडाला, तर दर सेकंदाला जवळपास ६६७ जूल, म्हणजे कामगाराच्या गरजेपेक्षा अधिक. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने माणूस गार राहतो. ओमानी घरांत सावलीला टांगलेला मातीचा जहलाही हेच करतो. पण ‘उडाला’ या शब्दावर सारा भर आहे. मस्कतच्या किनारी दमटपणात घाम उडत नाही, निथळतो. निथळून जमिनीवर पडलेल्या घामाने पाणी आणि मीठ नेले, उष्णता जवळजवळ काहीच नेली नाही. ज्याला भरपूर घाम येतो तो सुरक्षित, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेले की उष्णतेचा ओघ उलटा फिरतो आणि भोवतालची हवा शरीराला तापवू लागते. २६ जून २०१८ रोजी मस्कतच्या आग्नेयेला असलेल्या कुरय्यात येथे चोवीस तासांतले सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश होते. कमाल नव्हे, किमान! त्या रात्री पंख्याचा वारा अंगावर घेणारा माणूस प्रत्यक्षात गरम हवेचा झोत अंगावर घेत होता. त्यात घाम उडाला तेवढाच काय तो आराम. ओमानमध्ये जून, जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने मनाई आहे, तिच्यामागे हेच गणित आहे. आपल्यापैकी जे फोरमन आहेत, सुपरवायझर आहेत, त्यांनी ती तीन तासांची मनाई ‘सवलत’ समजू नये. कोणी साइटवर कोसळला आणि असंबद्ध बोलू लागला, तर ९९९९ वर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत वाट न पाहता त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. एक्केचाळीस मिनिटांचा हिशोब आपण केला आहे. त्यातली किती आधीच खर्च झाली, हे आपल्याला ठाऊक नसते.

आता विद्युतक्षेत्राकडे वळू. तापमानाची जी ओळख झाली, ती येथे उपयोगी पडते.

या सभागृहात प्रत्येक जागी काही एक तापमान आहे. ए.सी.च्या तोंडाशी कमी, स्वयंपाकघराच्या दाराशी जास्त. त्या जागी थर्मामीटर ठेवला नाही म्हणून तेथे तापमान नाही, असे होत नाही. जागोजागी एखादी राशी असणे, यालाच क्षेत्र म्हणतात. विद्युतप्रभाराच्या भोवतीही असेच असते : तेथे दुसरा प्रभार ठेवा वा न ठेवा, क्षेत्र आहेच. एक कूलोम धन प्रभार तेथे ठेवला असता त्याच्यावर जितके बल पडेल, तितकी क्षेत्राची तीव्रता. क्षेत्र म्हणजे बल नव्हे. बल पडण्यासाठी कोणीतरी तेथे जाऊन उभे राहावे लागते. तापमानापासून एक फरक मात्र आहे. तापमानाला दिशा नसते, विद्युतक्षेत्राला असते. म्हणून प्रत्येक बिंदूशी आकडा लिहून भागत नाही, बाण काढावा लागतो. मुले बाण काढण्याचा कंटाळा करतात, आणि तेथेच गुण जातात.

परीक्षकांचे आवडते उदाहरण पाहा. प्रत्येकी २ मायक्रोकूलोमचे दोन धन प्रभार एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर आहेत. मध्यबिंदूशी क्षेत्र किती? एका प्रभाराचे क्षेत्र काढू. स्थिरांक ९०० कोटी, त्याला दोन मायक्रोकूलोमने गुणले की १८ हजार, अंतर ०.१ मीटर, त्याचा वर्ग ०.०१; भागाकार १८ लाख न्यूटन प्रति कूलोम. जो मुलगा सेंटिमीटरचे मीटर करावयास विसरला, त्याचे उत्तर १८० येते, दहा हजार पटींनी लहान. आता दोन्हींची बेरीज. घाईतला मुलगा ३६ लाख लिहितो. पण मध्यबिंदूशी एक बाण उजवीकडे, दुसरा तेवढाच डावीकडे. दोन सारख्या ताकदीच्या माणसांनी रस्सी ओढावी तसे. उत्तर शून्य. एक प्रभार ऋण केला की दोन्ही बाण एकाच दिशेचे होतात आणि ३६ लाख हे उत्तर खरे ठरते. सूत्र तेच, आकडे तेच. चित्राने निकाल बदलला.

जाता जाता एक टीका करतो. साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटर इतक्या क्षेत्रात कोरड्या हवेचीही रोधकता मोडते आणि ठिणगी पडते. (व्होल्ट प्रति मीटर आणि न्यूटन प्रति कूलोम हे एकच एकक आहे, नाव दोन.) म्हणजे ३६ लाखांचे हे उदाहरण हवेत घडूच शकत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ‘निर्वातात’ हा शब्द लिहिणे अगत्याचे आहे. पुष्कळदा तो लिहिला जात नाही.

याच ३० लाखांचा उपयोग आपण घरी करू. हिवाळ्यात निझवा, इब्री, आदम अशा आतल्या भागात हवा कोरडी असते. गाडीच्या सीटवरून उतरून दाराच्या पत्र्याला हात लावला की चटका बसतो, अंधारात ठिणगीही दिसते. ठिणगी ३ मिलिमीटरची असेल, तर व्होल्ट किती? ३० लाखांना ०.००३ ने गुणा : ढोबळमानाने ९ हजार. घरातल्या २४० व्होल्टने माणूस मरतो आणि ९ हजारांनी नुसता दचकतो, हे कसे? मुले येथे गोंधळतात, आणि गोंधळायला हवे. न गोंधळणारा मुलगा केवळ आकडे लिहितो आहे. मानवी देहाची विद्युतधारिता फार अल्प, सुमारे १०० पिकोफॅरड. धारितेच्या निम्म्याला व्होल्टच्या वर्गाने गुणून ऊर्जा काढली तर ती येते ४ मिलिजूल, आणि ती क्षणात संपते. घरातल्या तारेमागे वीजकेंद्र उभे असते, ते संपत नाही. हृदयाचा बिघडलेला ठोका पूर्ववत करण्यासाठी आम्ही छातीवर जो विजेचा धक्का देतो, तो साधारण २०० जूलचा, म्हणजे या ठिणगीच्या पन्नास हजार पट.

परंतु पेट्रोलची वाफ पेटवण्यास पाव मिलिजूलच्या आसपासची ठिणगी पुरते. आपली ४ मिलिजूलची आहे. पंपावर पेट्रोल भरले जात असताना गाडीतून उतरून पुन्हा आत बसू नये, उतरलात तर नळीपासून दूर असतानाच उघड्या पत्र्याला हात लावावा, असे का सांगतात, हे आता वेगळे समजावून सांगावयास नको. टँकर रिकामा करण्यापूर्वी आधी अर्थिंगची वायर जोडणारे आपले बांधव हेच उदाहरण रोज सोडवतात.

वैद्यकीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी एक. आपल्या चेतापेशीच्या पडद्याच्या दोन बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचे विभवांतर असते. क्षुल्लक वाटते. पण पडदा केवळ ७ नॅनोमीटर जाडीचा धरला, तर भागाकार येतो एक कोटी व्होल्ट प्रति मीटर. हवेत ठिणगी पाडणाऱ्या क्षेत्राच्या तिप्पट क्षेत्र आपल्या प्रत्येक चेतापेशीत शांतपणे नांदते आहे. विभवांतर लहान असूनही क्षेत्र मोठे असू शकते, कारण भागाकाराच्या खाली अंतर बसलेले आहे.

पालकांनी अभ्यासाला बसताना सूत्र विचारू नये. काय घडते आहे ते मराठीत सांग; चित्र काढ; आलेले उत्तर खरे वाटते का ते सांग. एवढे विचारण्यास पदवी लागत नाही. विद्युतदुरुस्तीचे काम करणाऱ्या वडिलांनी तर एकक विचारावे, कारण मीटरवर व्होल्ट पाहावयाचे की अँपिअर, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. संज्ञा इंग्रजीत लिहाव्या लागतात, त्या इंग्रजीतच लिहाव्यात. परीक्षेशी भांडण नको.

आता चहाची वेळ झाली आहे, म्हणून जाता जाता चहाचेच उदाहरण देतो. २००० वॅटची विजेची किटली आहे, एक लिटर पाणी आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोला, अंशाला ४२०० जूल. नळाचे पाणी जानेवारीत २५ अंश आणि जुलैत ४५ अंश धरा. उकळी येण्यास दोन्ही वेळी किती सेकंद लागतील ते कागदावर काढा. फरक ४२ सेकंदांचा यावयास हवा. मग घरी घड्याळ लावून प्रत्यक्ष पाहा. घड्याळ कागदापेक्षा जास्त वेळ दाखवील. तो जास्तीचा वेळ किती आहे, आणि तेवढी उष्णता पाण्यात न जाता कुठे गेली, हे एका कागदावर मराठीत लिहून पुढच्या कार्यक्रमाला आणावे. मी वाचणार आहे. किटलीला मात्र हात लावून पाहू नका. आईला विचारा, ती न मोजता सांगेल.